सर्पगंधा, मेंदूतील संदेशवाहक द्रव्ये आणि रुग्णाची समग्र अवस्था

उच्च रक्तदाब, अनिद्रा आणि उन्माद या विकारांत सर्पगंधेचा उपयोग आपल्यापैकी बहुतेक वैद्य करीत असतात. सर्पगंधाघनवटी ठेवीत नाही असे आयुर्वेदीय औषधांचे दुकानही विरळाच. परंतु एकच मुळी रक्तदाब उतरवते, झोप आणते आणि प्रक्षुब्ध मनही शांत करते, हे कसे? आणि तीच मुळी अधिक मात्रेत किंवा अयोग्य रुग्णास दिली असता नाक चोंदते, मल पातळ होतो, नाडी मंदावते, हातपाय ताठरतात आणि काही रुग्णांत मन खिन्न होते, याची संगती कशी लावावयाची?

वरवर पाहता ही लक्षणे परस्परांशी असंबद्ध वाटतात. प्रत्यक्षात ती सर्व एकाच सूत्रात ओवलेली आहेत. त्या सूत्राचा शोध घेत असतानाच विसाव्या शतकात मेंदूविज्ञानाचा एक मोठा भाग उभा राहिला. ते सूत्र समजून घेणे आणि त्यातून चिकित्सक व औषधविक्रेता या दोघांनी कोणता बोध घ्यावा हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सर्पगंधेचा आधुनिक प्रवास

बिहार व उत्तर प्रदेशात ही मुळी 'पागलपणाची दवा' म्हणून लोकव्यवहारात पूर्वापार होती. १९३१ साली 'प्रत्यक्षशारीरम्' या ग्रंथाचे कर्ते गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब या दोन्ही विकारांतील तिचा उपयोग वैद्यकीय नियतकालिकातून मांडला. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी सर्पगंधेतील अल्कलॉइड वेगळे केले आणि त्यांपैकी एकास हकीम अजमल खान यांच्या नावावरून 'अजमलीन' असे नाव दिले.

१९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपले अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा या कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातील रिसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे केले. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी तीव्र मनोविकारांत त्याचा वापर केला.

येथपर्यंतचा इतिहास आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते यापुढचे आहे. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले की रिसर्पीन दिलेल्या प्राण्यांच्या शरीरातील सेरोटोनिनचे साठे रिकामे होतात. पुढच्याच वर्षी मेंदूतील नॉरअॅड्रेनलीनही घटते असे हॉल्झबाउअर व मार्था फोग्ट यांनी दाखविले. त्यानंतर डोपामीनचीही तीच गत होते हे स्वीडनमधील संशोधनातून स्पष्ट झाले. वनस्पतीतील एक द्रव्य मेंदूतील काही रसायने नाहीशी करते आणि त्याच वेळी प्राण्याचे वर्तन आमूलाग्र बदलते, ही गोष्ट त्या काळी नवीन होती. वर्तन आणि मेंदूतील रसायने यांचा संबंध त्यामुळे प्रथमच प्रयोगाने पडताळता येऊ लागला.

संदेशवाहक द्रव्यांची दोन प्रकारची कामे

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. एका पेशीकडून दुसरीकडे संदेश पोहोचविणाऱ्या द्रव्यांस न्यूरोट्रान्समीटर, म्हणजेच संदेशवाहक द्रव्ये, असे म्हणतात. त्यांचे कार्य स्थूलमानाने दोन प्रकारचे असते.

पहिला प्रकार शीघ्र संदेशांचा. ग्लूटामेट हे द्रव्य पुढच्या पेशीस उत्तेजित करते, गाबा हे द्रव्य तिला आवरते. हे काम एका सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उरकते आणि ते नेमक्या एका जागी होते. डोळ्यांनी अक्षर पाहणे, बोट हलविणे, शब्द ओळखणे या क्रियांचा तपशील या शीघ्र संदेशांतून घडतो.

दुसरा प्रकार अवस्था ठरविण्याचा. नॉरअॅड्रेनलीन, सेरोटोनिन, डोपामीन, हिस्टामीन आणि अॅसेटिलकोलीन ही द्रव्ये प्रामुख्याने हे काम करतात. ती निर्माण करणाऱ्या पेशींचे समूह अगदी लहान असतात आणि बहुतेक मस्तिष्कस्तंभात किंवा त्याच्या आसपास वसलेले असतात. परंतु त्यांचे तंतू मेंदूच्या कानाकोपऱ्यात पसरतात. त्यांचा परिणाम सावकाश होतो व अधिक काळ टिकतो. शीघ्र संदेश किती जोराने ऐकले जावेत, कोणते दुर्लक्षिले जावेत आणि कोणते स्मृतीत उतरावेत, हे या द्रव्यांच्या प्रमाणावर ठरते.

शेतातील पाटाच्या पाण्याचे उदाहरण घेऊ. प्रत्येक वाफ्यातील रोप आपापल्या परीने वाढत असते, परंतु पाटाचे दार किती उघडले आहे यावर साऱ्या शेताची स्थिती अवलंबून असते. दार लहान, परिणाम मात्र सर्व वाफ्यांवर. अवस्था ठरविणाऱ्या द्रव्यांचे कार्य असेच असते.

प्रमुख संस्था

नॉरअॅड्रेनलीन : मेंदूतील नॉरअॅड्रेनलीन मुख्यतः लोकस सेरुलियस या निळसर ठिपक्यातून येते. मनुष्यात या ठिपक्यातील पेशींची संख्या काही दहा हजारांच्या घरात असते, तरी त्यांचे तंतू मेंदूच्या बाह्यकापासून मेरुरज्जूपर्यंत पोहोचतात. जागेपणी या पेशी सतत कार्यरत असतात, गाढ झोपेत मंदावतात आणि स्वप्नावस्थेत जवळजवळ पूर्ण थांबतात. सावधपणा, अनपेक्षित गोष्टीकडे लक्ष वळणे आणि संकटसमयीची सज्जता यांच्याशी त्यांचा संबंध आहे. मेंदूबाहेर हेच द्रव्य अनुकंपी चेतांच्या टोकांशी स्रवून रक्तवाहिन्या आकुंचित करते.

सेरोटोनिन : मस्तिष्कस्तंभाच्या मध्यरेषेवरील रॅफे केंद्रकांतून हे मेंदूभर जाते. निद्रा, क्षुधा, वेदना, आवेगांवरील संयम आणि मनःस्थिती या सर्वांवर त्याचा प्रभाव पडतो. शरीरातील एकूण सेरोटोनिनचा मोठा वाटा मात्र पचनमार्गात असतो, ही गोष्ट आपण वैद्यांनी विशेष ध्यानात घ्यावी.

डोपामीन : याचे दोन मुख्य मार्ग आहेत. सब्स्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागातून निघणारा मार्ग हालचालींचा आरंभ व ओघ सांभाळतो. त्याच्या शेजारून निघणारा दुसरा मार्ग उत्साह, ओढ आणि शिकणे यांच्याशी निगडित आहे. डोपामीनला 'सुखाचे रसायन' म्हणण्याचा प्रघात पडला आहे, तो दिशाभूल करणारा आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी १९९०च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की अपेक्षेपेक्षा अधिक लाभ झाला तर या पेशी उद्दीपित होतात, अपेक्षेइतकाच झाला तर विशेष प्रतिसाद देत नाहीत आणि अपेक्षित लाभ चुकला तर मंदावतात. म्हणजे अपेक्षा व अनुभव यांतील अंतर त्या नोंदवितात.

हिस्टामीन : हायपोथॅलॅमसच्या मागील भागातून स्रवणारे हे द्रव्य जागृती टिकविते. सर्दी व शीतपित्तावरील जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी गुंगी येते, ती मेंदूतील याच कार्यास अडथळा झाल्यामुळे.

अॅसेटिलकोलीन : जागेपणी व स्वप्नावस्थेत मेंदूचे बाह्यक क्रियाशील ठेवण्याचे काम हे द्रव्य करते. धत्तूरविषबाधेत त्याचा प्रत्यय येतो. धत्तुऱ्यातील अॅट्रोपीन व स्कोपोलामीन ही अल्कलॉइडे अॅसेटिलकोलीनचे ग्राही अडवितात. तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात आणि रुग्ण बडबडू लागतो, हवेत काहीतरी वेचू लागतो. तो जागा असतो, परंतु भानावर नसतो. मेंदूच्या कोणत्याही एका भागास इजा न होता संपूर्ण अवस्था कशी पालटते, याचे हे ठळक उदाहरण होय.

या सर्वांना जागृतीच्या बाजूस स्थिर धरून ठेवणारे ओरेक्सिन हे द्रव्य १९९८ मध्ये सापडले. त्याच्या पेशी नष्ट झाल्या की रुग्णास दिवसा अनावर झोपेचे झटके येतात.

सर्पगंधा नेमके काय करते ?

चेतापेशीच्या टोकाशी संदेशवाहक द्रव्ये सूक्ष्म पुटिकांत भरून ठेवलेली असतात. नॉरअॅड्रेनलीन, सेरोटोनिन, डोपामीन आणि हिस्टामीन या चारही द्रव्यांना पुटिकेत भरणारे वाहक प्रथिन एकच आहे. रिसर्पीन त्या प्रथिनास घट्ट चिकटून ते निकामी करते. मग पेशीत तयार झालेले द्रव्य कोठीत जात नाही. ते उघड्यावर राहते आणि पेशीतील मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराकडून नष्ट होते. कोठार भरण्याचे दारच बंद झाल्यामुळे साठा हळूहळू संपतो.

यावरून व्यवहारात दिसणाऱ्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

रक्तवाहिन्यांवरील नॉरअॅड्रेनलीन घटल्याने रक्तदाब उतरतो. नाकातील रक्तवाहिन्याही शिथिल होतात, म्हणून नाक चोंदते. मेंदूतील जागृतीची द्रव्ये एकाच वेळी कमी झाल्याने मन शांत होते व झोप येते. हालचालींच्या मार्गातील डोपामीन घटल्याने ताठरपणा व कंप दिसू शकतो.

अॅसेटिलकोलीनचा वाहक मात्र निराळा आहे. त्यावर रिसर्पीनचा परिणाम होत नाही. परिणामी इतर द्रव्ये ओसरत असता अॅसेटिलकोलीनचे पारडे जड होते. नाडीमंदता, आमाशयातील वाढलेले अम्ल आणि द्रवमलप्रवृत्ती या लक्षणांत या असमतोलाचा मोठा वाटा आहे. अम्लपित्त वा परिणामशूलाच्या रुग्णास सर्पगंधा का सोसत नाही, याचे उत्तर येथे मिळते.

निकामी झालेले प्रथिन पुन्हा कामास येत नाही. पेशीस नवीन पुटिका तयार कराव्या लागतात. म्हणून सर्पगंधेचा पूर्ण परिणाम दिसण्यास दिवस ते आठवडे लागतात आणि औषध थांबविल्यानंतरही तो बराच काळ रेंगाळतो. 'कालपासून गोळी बंद आहे' एवढ्यावरून परिणाम संपला असे मानता येत नाही.

स्तब्ध ससे आणि कपिकच्छू

१९५७ मध्ये अर्विद कार्लसन यांनी रिसर्पीन दिलेल्या सशांवर एक प्रयोग केला. ससे निपचित, निश्चल झाले होते. त्यांना सेरोटोनिनचे पूर्वद्रव्य दिले असता काही फरक पडला नाही. परंतु एल-डोपा हे डोपामीनचे पूर्वद्रव्य देताच ससे थोड्याच वेळात हालचाल करू लागले. पुढील काळात डोपामीन हे मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक आहे हे सिद्ध झाले. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे एहरिंगर व हॉर्निकिविझ यांनी पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामीनची मोठी घट दाखविली. त्यातून लेव्होडोपा चिकित्सा जन्मली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या कथेत आपली दुसरी वनस्पतीही आहे. कपिकच्छू, म्हणजे खाजकुयली, हिच्या बीजांतून एल-डोपा वेगळे केल्याचे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्येच प्रसिद्ध केले होते. २००४ मध्ये लंडन येथे पार्किन्सनच्या ८ रुग्णांवर झालेल्या लहान चाचणीत ३० ग्रॅम कपिकच्छूकल्पाचा परिणाम प्रचलित गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि अधिक वेळ टिकला. चाचणी लहान असली तरी कपिकच्छूतील डोपा रुग्णाच्या मेंदूपर्यंत पोहोचून काम करतो हे तिच्यावरून दिसते.

आता या दोन वनस्पती शेजारी ठेवून पाहाव्यात. सर्पगंधा डोपामीनचे कोठार रिकामे करते, कपिकच्छू त्यासाठी कच्चा माल पुरवते. वृद्ध रुग्णास रक्तदाबासाठी दीर्घकाळ सर्पगंधा चालू आहे. पुढे हात कापू लागतात, चाल मंदावते, चेहरा भावशून्य होतो. हे वार्धक्याचे किंवा नव्याने झालेल्या कंपवाताचे लक्षण समजून कपिकच्छू सुरू करणे म्हणजे एका हाताने उपसावयाचे आणि दुसऱ्या हाताने भरावयाचे. अशा वेळी प्रथम सर्पगंधेचा फेरविचार झाला पाहिजे.

'एक द्रव्य, एक भावना' हा गैरसमज

रिसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांना तीव्र नैराश्य आल्याची वृत्ते १९५०च्या दशकात प्रसिद्ध झाली. त्यावरून १९६५ च्या सुमारास असा विचार बळावला की या द्रव्यांची कमतरता म्हणजेच नैराश्य. परंतु १९५५ मध्येच लंडनमधील डेव्हिस व शेफर्ड यांनी चिंता व नैराश्य असलेल्या बाह्यरुग्णांत रिसर्पीनचा लाभ झाल्याचे नोंदविले होते. पुढील फेरतपासणीत असे दिसले की रिसर्पीन घेणाऱ्या प्रत्येकास नैराश्य येत नाही; पूर्वी नैराश्य होऊन गेलेल्या व्यक्तींना आणि अधिक मात्रेत धोका अधिक मानावा लागतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक आढाव्यातही सेरोटोनिनची कमतरता हे नैराश्याचे कारण असल्याचा सुसंगत पुरावा आढळला नाही.

याचा अर्थ या द्रव्यांचा मनःस्थितीशी संबंध नाही असा करू नये. सर्पगंधेशी मिळतीजुळती क्रिया असलेल्या टेट्राबेनाझीन या औषधासोबत आजही नैराश्य व आत्महत्येच्या विचारांविषयी इशारा दिलेला असतो. योग्य अर्थ एवढाच की ही द्रव्ये अवस्था बदलतात, आणि त्या अवस्थेतून कोणती भावना उमटेल हे रुग्णाची प्रकृती, पूर्वेतिहास व परिस्थिती यांवर अवलंबून राहते.

याच कारणास्तव डोपामीन म्हणजे पित्त, सेरोटोनिन म्हणजे कफ अशी समीकरणे मांडणारे तक्ते आपण टाळावेत. दोषांची संकल्पना सर्व शरीरव्यापी आणि कार्याधिष्ठित आहे. संदेशवाहक द्रव्य हे मोजता येणारे एक रसायन आहे. दोहोंची ओढूनताणून जुळवणी केली तर दोन्ही शास्त्रांवर अन्याय होतो. सर्पगंधेचा तिक्त रस, उष्ण वीर्य, कटु विपाक आणि निद्राजनन प्रभाव हे आपले वर्णन आपल्या जागी पूर्ण आहे. आधुनिक माहितीने त्या प्रभावाच्या मर्यादा व धोके अधिक स्पष्ट होतात, हा तिचा आपल्याला उपयोग.

चरकोक्त आठ भाव

एका बाबतीत मात्र आपल्या ग्रंथांची दृष्टी येथे थेट उपयोगी पडते. चरकाचार्यांनी निदानस्थानात उन्मादाचे स्वरूप सांगताना मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. एका लक्षणावर न थांबता संपूर्ण व्यक्तीच्या अवस्थेकडे पाहण्याची ही रीत आहे. अवस्था बदलणारे औषध देताना नेमकी हीच तपासणी हवी.

म्हणून सर्पगंधा चालू असलेल्या रुग्णाचा केवळ रक्तदाब मोजून त्यास परत पाठवू नये. विचार मंदावले आहेत का, निर्णय घेता येतो का, दिवसा भान व सावधपणा कसा आहे, विसराळूपणा वाढला का, पूर्वीच्या आवडी टिकून आहेत का, स्वभावात बदल झाला का, चालणे-बोलणे संथ झाले का, नित्याचा आचार बिघडला का, असे आठ प्रश्न विचारण्यास पाच मिनिटे पुरतात. रुग्ण स्वतः सांगेलच असे नाही. घरच्या माणसांनाही विचारावे. 'रक्तदाब छान आहे, पण हल्ली बोलतच नाहीत' हे पत्नीचे वाक्य मापकाच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे असते.

व्यवहारात लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

चिकित्सकांसाठी :

१) नैराश्याचा पूर्वेतिहास, आत्महत्येचे विचार, आमाशयव्रण, बृहदंत्राचा व्रणशोथ, कंपवात, गर्भावस्था व स्तन्यपानकाल यांत सर्पगंधा देऊ नये.

२) रुग्ण अन्य कोणती औषधे घेतो हे लिहून घ्यावे. लेव्होडोपाचा परिणाम सर्पगंधेने मारला जातो. डिगॉक्सिन व बीटारोधक औषधांसोबत नाडी अतिमंद होऊ शकते. मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधक औषधांसोबत रक्तदाब अकस्मात चढण्याचा धोका असतो. निद्राजनक औषधे व मद्य यांच्यासोबत गुंगी वाढते.

३) अल्प मात्रेने आरंभ करावा. परिणाम सावकाश येतो; दोन दिवसांत गुण दिसला नाही म्हणून मात्रा वाढवू नये.

४) शस्त्रक्रिया ठरली असेल तर सर्पगंधा चालू असल्याचे, किंवा नुकतीच बंद केल्याचे, भूलतज्ज्ञास अवश्य कळवावे.

औषधविक्रेत्यांसाठी :

१) 'झोपेची आयुर्वेदिक गोळी' म्हणून मागणाऱ्यास सर्पगंधाकल्प सल्ल्यावाचून देऊ नये. वनस्पतिज असल्याने निरुपद्रवी, हा समज या मुळीच्या बाबतीत सपशेल खोटा आहे.

२) मिश्रकल्पांच्या वेष्टनावरील घटक वाचावेत. रक्तदाब व निद्रा यांसाठीच्या दोन निरनिराळ्या नावांच्या गोळ्यांत सर्पगंधाच असू शकते आणि नकळत मात्रा दुप्पट होते.

३) कच्चे द्रव्य खात्रीच्या पुरवठादाराकडूनच घ्यावे. याच प्रजातीतील रॉवोल्फिया टेट्राफिला या वनस्पतीच्या मुळांची भेसळ होते, आणि तिच्यातील अल्कलॉइडांचे प्रमाण भिन्न असते. मुळाच्या सालीत अल्कलॉइडे अधिक असल्याने साल गळालेल्या मुळांचा माल कमी वीर्याचा ठरतो.

४) सर्पगंधा १९९० पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे. लागवडीच्या मालास प्राधान्य द्यावे.

सर्पगंधेने जगाला मेंदूतील संदेशवाहक द्रव्यांचे कार्य समजण्याची वाट दाखविली, याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. परंतु ज्या मुळीने हे ज्ञान दिले, ती हाताळताना त्या ज्ञानाचा उपयोग न करणे शोभणारे नाही. या द्रव्याचा परिणाम रक्तवाहिनीपुरता किंवा झोपेपुरता मर्यादित राहत नाही; तो माणसाच्या सबंध अवस्थेवर होतो. तेव्हा ते देताना पाहावयाचे आहे तेही सबंध माणसाकडेच.